चेनच्या कारखान्याची पडताळणी

लग्नाकार्यात अजूनही कुणीतरी विचारतंच, "तुम्ही सरकारात नेमकं काय करत होतात?" मी सांगते, "पडताळणी." समोरचा मान डोलावतो आणि जेवणाच्या रांगेकडे वळतो. पुढचं कुणी विचारत नाही, आणि मीही आपणहून सांगितलेलं नाही. या अंकाच्या निमित्ताने सांगून टाकते.

नव्वद सालानंतर परदेशी मालाला आपल्याकडची दारं हळूहळू उघडली. आधी जो माल चोरून यायचा तो राजरोस यायला लागला. मीरा-भाईंदरमध्ये तेव्हा गाळ्यागाळ्यांतून छोटे कारखाने होते. खेळणी, टॉर्च, पेनं, बटणं, काय वाटेल ते तिथे बनायचं. तोच माल बाहेरून निम्म्या भावात येऊ लागल्यावर एकेक शटर खाली आलं. अशा कामगारांसाठी सरकारने योजना काढली. तीन महिने नवं काम शिकवायचं आणि तेवढे दिवस घर चालावं म्हणून विद्यावेतन द्यायचं. पुरुषांना वायरिंग नाहीतर मोटरची वाइंडिंग भरणं, बायकांना शिवण नाहीतर मसाले. बायका मसाले करायला जन्मतःच शिकलेल्या असतात, त्यासाठी तीन महिने कशाला, हे मी एकदा वरिष्ठांना विचारलं होतं.

मी या योजनेची तपासनीस होते. भाईंदर पूर्वेला एका बँकेच्या डोक्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. साहेब ठाण्याला बसायचे, आठवड्यातून एकदा यायचे. कामगार अर्ज करायचा आणि मी तीन गोष्टी तपासायच्या. तो खरंच त्या कारखान्यात होता का? तो आता दुसरीकडे कुठे कामाला लागलाय का? आणि कारखाना बाहेरच्या मालामुळेच बंद पडला का? तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड. मालकांची भाऊबंदकी झाली म्हणून कारखाना बंद पडला असेल तर कामगाराला काही नाही. मशीन जुनी झाली म्हणून पडला असेल तरी नाही. कामगाराची भाकरी एकाच कारणाने गेलेली असावी लागे, आणि ते कारण त्याला स्वतःला सहसा ठाऊक नसे.

रुजू झाले त्या दिवशी साहेब म्हणाले, "वाघमारे मॅडम, खोटा माणूस आत गेला तर खाली सही कुणाची? तुमची. एवढं लक्षात ठेवा."

मी ते फार लक्षात ठेवलं. आमचं घराणं परभणीकडचं. सरकारी नोकरी मिळालेली आमच्या घरातली मी पहिलीच. ती जाईल या भीतीने मी प्रत्येक अर्जदाराकडे चोर म्हणून बघायला शिकले. काही युक्त्याही सापडल्या. एखादा म्हणाला, मी प्रेस मशीनवर होतो, तर त्याला विचारायचं, जेवणाच्या सुट्टीत बसायचात कुठे? हजेरीची सही कोण घ्यायचं? संडास कुठल्या बाजूला होता? खोटा माणूस मशीनची माहिती पाठ करून येतो, संडासाची नाही.

एक गृहस्थ मात्र या सगळ्यातून पार झाले. खेळण्यांच्या कारखान्यातली प्रत्येक गोष्ट त्यांना माहीत होती. सुपरवायझर कुणावर ओरडायचा, कुठलं मशीन सारखं अडायचं, सगळं. मला तेच खटकलं. इतकं सगळं एका माणसाला कसं माहीत? हजेरीपत्रक मागवलं तर त्यात नाव नाही. शेवटी कळलं, ते फाटकाबाहेर चहाची टपरी चालवायचे. अकरा वर्षं दोन वेळचा चहा आत घेऊन जायचे. कारखाना गेला तशी टपरीही गेली. मी अर्जावर "अपात्र" लिहिलं आणि साहेबांनी माझं कौतुक केलं. त्या दिवशी मी खुशीत घरी गेले होते. आज ते गृहस्थ आठवतात तेव्हा वाटतं, त्यांचं खोटं तरी कुठे होतं?

आता चेनच्या कारखान्याचं सांगते.

पँटीला, पर्सला लावतात ती चेन. पितळी दाते, सुती पट्टी आणि वरखाली होतो तो रनर. भाईंदर पूर्वेच्या एका औद्योगिक वसाहतीत हा कारखाना वीसेक वर्षं चालला होता. एक दिवस मालकाने नोटीस लावली, की परदेशी मालापुढे टिकाव लागत नसल्याने उत्पादन बंद करत आहोत. चाळीस माणसं घरी बसली. सगळ्यांचे अर्ज एकाच दिवशी आले. ते अर्ज घेऊन आलेली दोन माणसं म्हणजे दत्ताराम आणि फिलूबाय.

दत्ताराम रत्नागिरीकडचा. चाळिशीचा, कमी बोलणारा, दाते बसवायच्या मशीनवरचा जुना कारागीर. फिलूबाय पालीची. उत्तनच्या पुढे समुद्राला लागून ते गाव आहे. घरचे सगळे मासेमारीतले, पण नवऱ्याची होडी गेल्यावर ही पॅकिंगला लागली. ती कलेक्टरलाही अरे-तुरे करेल अशी बाई. मला पहिल्याच दिवशी म्हणाली, "तू नीट लिव, बाय. आमचा पोटाचा सवाल हाय."

मी मालकाकडे गेले. त्याने केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला, कागद पुढे ठेवले. विजेचं बिल उतरत गेलेलं, जुन्या गिऱ्हाइकांची पत्रं, आता तुमचा माल नको म्हणणारी. सगळं कसं व्यवस्थित. निघताना पाऊस लागला म्हणून त्याने आपल्या गाडीतून मला ऑफिसपर्यंत सोडलं. गाडीतून उतरताना रस्त्यापलीकडे फिलूबाय उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि निघून गेली. मी त्याचा काही विचार केला नाही.

कागद इतके चोख असले की मला चैन पडत नसे. पण मालकावर संशय घ्यायचा तर कुठून सुरुवात करायची हे मला येत नव्हतं. कामगारावर घ्यायचा तर पद्धत ठरलेली होती. मी ठरलेल्या पद्धतीने गेले.

दुपारी बाराला दत्तारामच्या खोलीवर थडकले. बायको दारात आली. म्हणाली, "ते गावाला गेलेत, मॅडम."

"कधी?"

"परवा."

शेजारी एक म्हातारी धान्य निवडत बसली होती. मी सहज विचारावं तसं विचारलं, "दत्ताराम दिसला नाही आज?"

"सकाळीच गेला की डबा घेऊन," म्हातारी म्हणाली.

दत्तारामच्या बायकोने मान खाली घातली. आमच्या धंद्यात डबा घेऊन निघालेला माणूस म्हणजे कामाला लागलेला माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी, पानाच्या टपरीआड उभी राहिले. दत्ताराम निघाला. मी अंतर ठेवून मागे चालत राहिले. लाज वाटली का? खरं सांगायचं तर वाटली नाही. उलट मी सावज हेरल्यासारखी चालत होते.

तो नवघरच्या बाजूला एका गोदामात शिरला. बाहेर टेम्पो उभा होता आणि खोकी उतरवली जात होती. खोक्यांवर परदेशी अक्षरं. उघड्या शटरमधून दिसत होतं, आत नायलॉनच्या चेनची मोठी मोठी भेंडोळी होती. चार माणसं ती मापाने कापत होती, रनर चढवत होती आणि छोट्या पाकिटांत भरत होती. त्यांतली दोन तोंडं मला अर्जावरच्या फोटोंतून माहीत होती. थोड्या वेळाने एक गाडी येऊन थांबली. त्याच गाडीतून मी पावसात ऑफिसला आले होते. मालक उतरला आणि आत गेला.

मी तिथून तशीच नया नगरला गेले. तिथे शिवणसामानाचं एक दुकान होतं, दुकानदार ओळखीचा. त्याला म्हटलं, या कारखान्याची चेन दाखवा. त्याने पाकीट काढलं. नाव तेच, लेबल तेच, आत नायलॉनची चेन. रनर उलटा करून पाहिला तर त्यावरही कारखान्याचा शिक्का होता. म्हणजे शिक्क्यासकट माल बाहेरून बनवून येत होता.

मी विचारलं, "हा कारखाना तर बंद झाला ना?"

दुकानदार म्हणाला, "कारखाना बंद हुआ है मॅडम, धंदा थोडी बंद हुआ है. माल तो पहले से ज्यादा आ रहा है."

परदेशी मालाने कारखाना मारला हे खरंच होतं. पण तो माल आणणारा कारखान्याचाच मालक होता. मशीन, माणसं, हजेरी, बोनस या कटकटीपेक्षा भेंडोळी आणून कापणं त्याला सोपं गेलं होतं. सरकारी योजना त्याच्या पथ्यावर पडली होती. कामगार सरकारच्या यादीत गेले की त्याला जाब विचारायला कोण उरणार?

संध्याकाळी मी दत्तारामला गोदामाबाहेर गाठलं. मला बघून तो थबकला, पण पळाला नाही.

मी म्हटलं, "गावाला गेला होतात ना?"

त्याने हातातला डबा पाठीमागे घेतला.

"अर्जात लिहिलंय, सध्या कुठेही काम करत नाही. खाली तुमची सही आहे."

"आहे," तो म्हणाला. "मॅडम, तुम्ही काय लिहिणार?"

"बघितलं ते."

"आठ दिवस थांबाल? आठच दिवस. मग काय लिहायचं ते लिहा."

"आठ दिवसांत काय होणार आहे?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. ती नजर मी ओळखत होते. नोकरीला लागल्यापासून मी तीच नजर लोकांवर लावत आले होते, पण माझ्यावर कुणी लावलेली तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. तो म्हणाला, "ते नाही सांगता येणार."

मला वाटलं, मालकाने याला शिकवून ठेवलंय. आठ दिवसांत गोदाम रिकामं होईल, माल हलेल आणि माझा अहवाल खोटा पडेल. मी त्याच रात्री अहवाल लिहिला. गोदाम, गाडी, खोकी, रनरवरचा शिक्का, चार कामगार, सगळं. खाली कार्बन घातला होता. साहेबांवरही माझा पूर्ण विश्वास नव्हता, म्हणून असल्या अहवालांची एक प्रत मी घरी, साड्यांच्या खाली ठेवत असे.

साहेबांनी अहवाल वाचला. म्हणाले, "उत्तम. कामगार काम करताना पकडलेत. पण हे मालकाचं काय लिहिलंय?"

"कारखाना आयातीमुळे बंद पडला नाही, साहेब. आयातीसाठी बंद केला."

"मग आपल्या योजनेत बसत नाही. सगळेच अर्ज परत करा. मालकाचा भाग आपल्या खात्यात येत नाही, तो मी पुढे पाठवत नाही."

चाळीसच्या चाळीस अर्ज परत गेले. शेरा एकच होता, "कारण सिद्ध होत नाही. अर्जदार अन्यत्र कामावर आढळले." मालकाचं नाव कुठेच नव्हतं.

दोन दिवसांनी फिलूबाय ऑफिसात आली. ती ओरडेल अशी माझी समजूत होती. ती समोरच्या बाकावर बसली आणि हळू आवाजात बोलली. त्याने मी जास्त घाबरले.

"तू दत्तारामाच्या मागं गेलीस?"

"माझं कामच आहे ते."

"आनी आमी काय करतंव तिथं, तां ईचारलास?"

मी म्हटलं, "विचारलं होतं. त्याने सांगितलं नाही."

"कसा सांगल? तू त्या शेठच्या गाडीतून उतरलीस. मीनी डोल्यानी बगितलाय."

मग तिने सांगितलं. गोदामात चार माणसं लागायची. मालकाच्या माणसाने जुन्या कामगारांतून चौघांना बोलावलं होतं, अर्ध्या मजुरीवर, तोंड बंद ठेवायच्या अटीवर. पण काम चौघांनी घेतलं नव्हतं, चाळिसांनी घेतलं होतं. आठवड्याला चौघं अशी पाळी लावली होती, म्हणजे प्रत्येक घरी कधीतरी चूल पेटेल. बायकाही या पाळीत होत्या, खुद्द फिलूबायने एक आठवडा पाकिटं भरली होती. गोदामवाल्याला तोंडं बदलली तरी फरक पडत नव्हता. आणि जो जाईल तो एक तरी खोक्यावरचं लेबल, एक तरी पाकीट घेऊन येत होता. वकिलाला दाखवायला. सरकारच्या शिकवणीची मंजुरी त्या आठवड्यात निघणार होती. ती एकदा हातात पडली की विद्यावेतनावर घरं चालतील आणि मग लेबरच्या कोर्टात मालकावर दावा लावायचा, असं त्यांचं ठरलं होतं. त्यासाठीच आठ दिवस.

मी ज्याला शोध समजत होते ते चाळीस माणसांना आधीपासून माहीत होतं.

"आता मालकानं चौघांनाबी हाकललान," फिलूबाय म्हणाली. "लेबलं हायत. पन वकील बोलतो, लेबलं तुमी खयसून बी आनली आसतील. ईश्वास न्हाय बसायचा कोनाचा."

ती उठली. मी खोटं काही लिहिलं नव्हतं. पण मी आठ दिवस थांबले असते तर सरकारचं काही बुडणार नव्हतं. त्या दिवशी पावसात मी चालत ऑफिसला आले असते, तरी दत्तारामने मला सगळं सांगितलं असतं.

चार दिवस मी विचार केला. कार्यालयीन कागद बाहेर देणं म्हणजे नोकरीवर पाणी. घरात धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं. शिवाय शंका होतीच, हे लोक तरी आता खरं बोलतायत कशावरून? सवय ती. शेवटी रविवारी मी रिक्षाने पालीला गेले. अरुंद गल्ल्या, दारात सुकत घातलेले मासे. तीन घरांत विचारलं तेव्हा फिलूबायचं घर सापडलं, आणि तिन्ही घरांत आधी मलाच विचारलं गेलं, तू कोण, काम काय. फिलूबायने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. मी कार्बनची प्रत तिच्या हातात दिली.

"यात गोदामाचं सगळं आहे. तारीख, गाडीचा नंबर, शिक्का. वकिलाला द्या."

तिने कागद उलटसुलट करून पाहिला. "तू का देतेस?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "साहेबांनी तो भाग पुढे पाठवला नाही."

तिला ते उत्तर पटलं नसावं, पण कागद तिने ठेवून घेतला.

दावा लागला. वकिलाने मला साक्षीला बोलावलं. खात्याने मेमो दिला, की गोपनीय अहवाल बाहेर गेला कसा याचा खुलासा करा. मी खरा तो खुलासा केला. दोन वर्षांची वेतनवाढ रोखली आणि माझी बदली आवक-जावक टेबलावर झाली. नोकरी राहिली.

ठाण्याच्या कोर्टात मालकाच्या वकिलाने मला विचारलं, "आपण या कामगाराचा पाठलाग केलात, म्हणजे आपला त्याच्यावर विश्वास नव्हता. बरोबर?"

"बरोबर."

"हा माणूस सरकारी अर्जावर खोटं लिहितो, हे आपणच नोंदवलंत?"

"नोंदवलं."

"मग आज त्याच्या बाजूने कशा उभ्या आहात?"

दत्ताराम मागच्या बाकावर बसला होता. मी म्हटलं, "मी कुणाच्या बाजूने आलेले नाही. मी त्याला खोटं ठरवायला गेले होते. तिथे मला जे दिसलं, ते मी त्याच्या भल्यासाठी लिहिलेलं नाही. म्हणून ते खरं धरा."

न्यायाधीशांनी वर पाहिलं आणि काहीतरी लिहून घेतलं.

निकालाआधीच मालकाने तडजोड केली. कायद्याने मिळायला हवं होतं त्याहून कमी, पण काही मिळालं. त्यात बरीच वर्षं गेली होती. काही जण तोवर गावाला निघून गेले होते, दोघं-तिघं हयात नव्हते. फिलूबायने त्यातून मासे विकायची जागा घेतली. आमची योजना त्याआधीच गुंडाळली गेली होती. तिचा फायदा किती जणांना झाला ते मला माहीत नाही. माझ्याकडून किती जण परत गेले, त्यांचे चेहरे मात्र आठवतात.

दत्ताराम मला त्यानंतर एकदाच भेटला. भाईंदरच्या बाजारात मी बांगडे घेत होते, तो पलीकडून भाजी घेऊन येत होता. केस पिकले होते. त्याने आपणहून हाक मारली, "वाघमारे मॅडम ना?" आम्ही कडेला उभे राहून बोललो. मुलगी नर्स झाली, मुलगा एका कुरियरवाल्याकडे लागलाय, बायकोचे गुडघे दुखतात. त्याने माझ्याही घरची चौकशी केली. आवाजात राग नव्हता. निघताना मला बरं वाटलं, आणि मी विचारलं, "हल्ली कुठे राहता? इंद्रलोकच्या बाजूला का?"

तो हसला. म्हणाला, "इथंच, जवळच."

मग पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत तिथेच उभा राहिला. तो आधी जाईल म्हणून मी थांबले, मी आधी जाईन म्हणून तो थांबला. शेवटी मी निघाले. कोपऱ्यावर वळून पाहिलं तर तो अजून तिथेच होता. मी दिसेनाशी झाल्यावरच तो आपल्या गल्लीकडे वळला असणार.